डायनॅमोवरची लाख

सारजे,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डायनॅमोले लाख लावली. रविवार होता. दुपार टळून गेली होती. गाडी टिनाच्या सावलीत उभी, बॉनेट वर केलेलं. तू चिमणीच्या जाळावर लाखेची कांडी धरली, मी डायनॅमोच्या झाकणपट्टीवर बोट ठेवून वाकलो होतो. लाख मऊ झाली तसे तू थेंब सोडले. एक या स्क्रूवर, एक त्या स्क्रूवर, बाकीचे हवेच्या भोकांवर. मी वरून जुना भोकाचा पैसा दाबला. गोल शिक्का उमटला. तू फुंकर मारली आणि विचारलं, झालं का. मी म्हणलो, झालं. तू चिमणी विझवली, पदराले हात पुसले आणि पीठ मळायले आत गेली. एवढंच. ना भांडण, ना हसणं. दुसऱ्या दिवशी तुले ताप भरला आणि शुक्रवारी तू नव्हती.

वस्तीतल्या मंडळाच्या लोकांनी तुझ्या फोटोखाली लावायले दोन शब्द लिहून मागतले. जन्म कुठला, माहेर कोणतं, स्वभाव कसा. मी म्हणलो ते तुमीच लिहा, ते साऱ्यांचंच सारखं असते. मले सारजाशी बोलायचं आहे आणि ते दोन शब्दात होत नाही. मी दुसरी नापास. चुका असतील. तू चौथी पास होती आणि ते वर्षातून दोनदा तरी मले ऐकवायची. आज ऐकवायले कोणी नाही, म्हणून चुका तशाच राहतील.

गाडी तुले माहीतच आहे, पण हा कागद दुसरे बी वाचतील म्हणून सांगतो. लढाईच्या आधीची अमेरिकन गाडी, कापडी टपाची. इंजिनाच्या बाजूले पट्ट्यावर फिरणारं एक लोखंडी नळकांडं असतं, तो डायनॅमो. इंजिन चाललं की तो फिरतो, वीज करतो आणि बॅटरी भरतो. समोरच्या तबकडीत एक काटा असतो. काटा वर असला म्हणजे डायनॅमो कमावून राहिला, खाली पडला म्हणजे गाडी बॅटरीचं बसून खाऊन राहिली. हा डायनॅमो गाडीसंगच बोटीतून आला होता. असली. अमरावती-परतवाडा रस्त्यावरच्या साऱ्या जुन्या गाड्यांचे डायनॅमो बदलले, माझ्या गाडीचा बदलला नव्हता. त्याची मले मस्ती होती.

मस्ती होती तसा संशय बी होता. तो काही मी आईच्या पोटातून घेऊन आलो नाही. अकोल्याले कापसाच्या जिनवाल्या मालकाकडं हीच गाडी मी अकरा वर्षं चालवली. दिवाणजी रोज संध्याकाळी मले फाटकात उभं करायचे. हात समोर करायले लावायचे आणि आपण दोन पावलं मागं उभं राहून, अंगाले अंग लागणार नाही अशा बेतानं मान पुढं काढून वास घ्यायचे, पेट्रोलचा येते का म्हणून. गाडी हाकणाऱ्याच्या हाताले पेट्रोलचा नाही तं काय अत्तराचा वास येईल? टाकीच्या झाकणाले ते लाख लावायचे, गोदामाच्या कुलपाले लावत तशी, वर मालकाचा शिक्का. एकदा गाडीचा समोरचा दिवा चोरीले गेला. चोर कोण, तर मी. चार दिवस मी फाटकाबाहेर बसून काढले. मग दिवा सापडला, मालकाच्या भाच्यानं खेळायले काढला होता. मले आत बोलावलं आणि कामाले लाग म्हणाले. चोर म्हणताना सारं जिन गोळा केलं होतं, चोर नाही हे सांगायले कोणाले गोळा केलं नाही. तू त्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "काहून, आता त्यायच्या तोंडाले लकवा मारला का?" मी हसलो. पण लागलं होतं. आणि त्यातून मी शिकलो ते भलतंच शिकलो. मी शिकलो की लाख लावणारा शहाणा.

मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी मले कागद करून दिली. आपण अमरावतीले आलो, गाडी भाड्यानं लावली. मग मी बी लाखेची कांडी आणली. स्टेपनीच्या नटाले लाख, टाकीच्या झाकणाले लाख. तू म्हणायची, मले बी एक शिक्का मारून ठेवा. मी म्हणायचो, मारला असता, पण तू एका जागी बसत नाही.

तुझा भाऊ नामदेव तेव्हा आपल्याकडं हक्कानं यायचा. तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, तुझ्याच कडेवर वाढलेला. आपण धम्म घेतला त्या दसऱ्याले नागपूरले गेलो, तेव्हा गाडीत अकरा माणसं होती. नामदेव बारावा. त्याले जागा नव्हती म्हणून तो सारा रस्ता फूटबोर्डावर उभा राहून आला, एक हात टपाच्या दांडीले आणि एक हात बॉनेटवर, इंजिन गरम होते का ते पाहायले. तू पांढरं लुगडं नेसली होती. दर कोसाले तू खिडकीतून त्याले पाणी द्यायची आणि तो म्हणायचा, बाई, मले नको, गाडीले दे. ते आठवलं की अजून बरं वाटते. तेव्हा मी त्याच्यावर एक घडीभर बी संशय घेतला नव्हता. एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

आता ते लिहितो जे तुझ्यासमोर कधी नीट बोललो नाही.

सहा वर्षांमागं उन्हाळ्यात आपण तेल्हाऱ्याले तुझ्या माहेरी गेलो होतो. नामदेवानं मोटारस्टँडवर टिनाचं दुकान टाकलं होतं, बॅटरी आणि डायनॅमोच्या कामाचं. संध्याकाळी त्याच्या आंगणात गाडी उभी होती. त्यानं सहज बॉनेट उघडलं, पट्टा दाबून पाहिला, गाडी चालू करून काटा पाहिला. म्हणाला, "भाऊजी, डायनॅमो म्हातारा झाला. चालते, पण दम नाही राहिला. माह्याजवळ एक चांगला आला आहे, बसवून देतो. जुना माह्याजवळ राहू द्या."

जुना माह्याजवळ राहू द्या. त्याच्या साऱ्या बोलण्यातलं मी एवढंच ऐकलं.

मी म्हणलो, मी बी म्हातारा झालो, मले बी बदलतो का. तू ओट्यावरून बोलली, बदलता आले असते तं मी कवाच बदलले असते. सारं आंगण हसलं, नामदेव बी हसला. मी हसलो नाही. माझं डोकं दुसरीकडंच होतं. जुना याले काहून पाहिजे? आतली तार विलायती, तसं तांबं आता भेटत नाही. याच्या मनात काही आहे. मागून तू मले सांगतलं होतं की त्याले असली डायनॅमो आतून कसा बांधला ते खोलून पाहायचं होतं, शिकायसाठी. पण ते मी ऐकून घेतलं तेव्हा माझं ठरून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी, त्याच्याच आंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत मी डायनॅमोले पहिल्यांदा लाख लावली. भोकं बी बुजवली, कोणी तार घालून काही ओढू नये म्हणून. चिमणी तुझ्याच हातात होती. नामदेव पाहत उभा राहिला. मग हात धुवायले आत गेला.

दुसऱ्या दिवशी आपण अकोटच्या बाजाराले गेलो. नामदेव संगं होता. आपण कपडे पाहत फिरलो, तो गाडीजवळ बसला. तुझ्या भाचीच्या लग्नाचे कपडे, तुले घाई सुचत नव्हती. दुपारी तेल्हाऱ्याच्या स्टँडवर वापस आलो. मी उतरलो आणि पहिलं काम काय केलं तर बॉनेट उचललं. शिक्का नाही. एका स्क्रूवरची लाख सपाट झालेली, दुसऱ्यावरची निघून गेलेली.

मग मी ओरडलो. ड्रायव्हर लोक होते, चहावाला होता, मोटारीची वाट पाहणाऱ्या बाया होत्या. म्हणलो, चोट्टा आहे हा, बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीत हात घातला यानं. नामदेव म्हणाला, "भाऊजी, मी हात बी नाही लावला." मी म्हणलो, मग मोहर कोणं तोडली, तुह्या बापानं? त्याचा बाप म्हणजे तुझा बी बाप, हे त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हतं. तुझ्या होतं. नामदेवानं हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली, तुझ्याकडं पाहिलं आणि एवढंच बोलला, "बाई, तू बस गाडीत. जाय आपल्या घरी."

अंजनगावच्या अलीकडं तू तोंड उघडलं. ते शब्द मी सहा वर्षं बाजूले टाकले आणि आता ते जागचे हलत नाहीत. तू म्हणाली, "अवो, ते लाख उन्हानं वितयली असंन. चुलीजवळ खुरपं ठेवलं तं मुठीतली लाख सुटते, पातं हातात येते. इंजन तं चुलीहून गरम."

मी म्हणलो, गोदामाच्या कुलपाची काहून नाही वितळत? अकोल्याले काय बर्फ पडते? आणि त्याच्यावर आणखी बोललो. म्हणलो, तू भावाची आहे का माझी, ते आधी सांग. तू रस्त्याकडं पाहत राहिली. आणि लाखेबद्दलचं ते बोलणं तू त्यानंतर सहा वर्षांत पुन्हा काढलं नाही.

गोदामाचं कुलूप सावलीत असते, सारजे. आणि त्याच्याखाली इंजिन नसते. हे समजायले मले सहा वर्षं लागली.

त्या दिवसापासून काटा खाली खाली येत गेला. मले तोच पुरावा. नामदेवानं आतलं काहीतरी काढलंच आहे, नाही तं काटा काहून पडला? उन्हाळ्यात दर चार-आठ दिवसांनी मोहर मोडलेली सापडायची. पेट्रोलवाल्यावर संशय घेतला. शेजारच्या टांगेवाल्यावर घेतला. भाड्यानं बसलेल्या एका मास्तरवर घेतला, तो बिचारा बॉनेटले टेकून विडी ओढत होता. हिवाळ्यात मोहर टिकायची तं मी म्हणायचो, पाहा, आता चोराले धाक बसला. आणि दर वेळी मी तुले हाक मारायचो, तू चिमणी घेऊन यायची, आणि आपण पहिल्याहून जास्त लाख ओतायचो.

तुझ्यावर बी घेतला. तुले माहीत होतं का नाही, मले माहीत नाही. तू सहा वर्षांत तीनदा तेल्हाऱ्याले गेली, मोटारीनं, एकटी, कारण माझी गाडी त्या रस्त्यानं जायची नाही असा माझाच हुकूम. तू वापस आली की मी घुमवून फिरवून विचारायचो, नामदेव गाडीचं काय म्हणत होता. एकदा तू पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "गाडीचं नाव बी नाही काढलं त्यानं. त्याच्या पोरीले दिवस गेले आहेत, ते विचारा." आपल्याले मूल नाही. ती पोरं तुले आत्या म्हणायची आणि तुझ्या खांद्यावर मोठी झाली. त्यांचं येणं मी बंद केलं, एका लोखंडी नळकांड्यापायी. तू कधी रडून दाखवलं नाही, म्हणून मी समजलो तुले चालून जाते.

स्टँडवरचे सारे म्हणायचे बदल तो डायनॅमो. बॅटरी दर आठवड्याले दुकानात भरायले न्यावी लागत होती, सेल्फ कधीच बंद पडला होता. तू बी म्हणायची. एकदा भांडणात म्हणाली, "दात पडले म्हणून माणूस नकली होते का? बदलून टाका ना." तुझं बोलणं मले पटलं होतं, आज सांगतो. पण बदलला असता तं नामदेव खरा ठरला असता. म्हणून मी म्हणलो, हे तुले भावानं शिकवलं. झालं, तू गप.

आणि गप राहून तू काय केलं? रोज सकाळी मी समोरून हँडल मारायचो आणि तू आत बसून रेस द्यायची. साठीच्या घरातली बाई, पाय पुरत नव्हता म्हणून सीटच्या काठावर येऊन बसायची. गाडी सुरू झाली की तू हॉर्न वाजवायची, काही गरज नसताना. मी दर वेळी ओरडायचो की बॅटरीची वीज जाते. आता हँडल मारून मलेच पळत जाऊन रेस द्यावी लागते आणि तितक्यात गाडी बंद पडते. हॉर्न कोणी वाजवत नाही.

आता सगळ्यात वाईट.

तुले मंगळवारी सरकारी दवाखान्यात भरती केलं. बुधवारी सकाळी तू म्हणाली, नामदेवले निरोप द्या. मी हो म्हणलो आणि स्टँडवर गेलो. तेल्हाऱ्याची मोटार समोर उभी होती, ड्रायव्हर ओळखीचा. त्याच्याजवळ गेलो बी. आणि मनात आलं, तो येईल, चार दिवस राहील, मी दवाखान्यात आणि गाडी घरी टिनाखाली एकटी. मी ड्रायव्हरले रामराम करावा तसा हात केला आणि माघारी फिरलो. तुले सांगतलं, दिला निरोप. गुरुवारी तू दोनदा दाराकडं पाहिलं. मी पाहिलं की तू पाहिलं. संध्याकाळच्या मोटारीनं मी निरोप पाठवला. शुक्रवारी पहाटे तू गेली, दुपारी नामदेव आला.

त्यानं तुझ्या पायाले हात लावला. मग मले विचारलं, बाई कवा बिमार पडली. मी म्हणलो सोमवारी. त्यानं खांदा दिला, शेवटपर्यंत थांबला. आपल्या घरचं पाणी प्यायला नाही. वळणावरच्या सरकारी नळावर ओंजळीनं प्यायला आणि स्टँडकडं गेला.

मी तेव्हा बी काय पाहत होतो, सांगू? तो टिनाकडं जातो का ते.

तुझ्यानंतर अकरा दिवस गाडी जागची हलली नाही. रोज बॉनेट उचलून पाहायचो. आपण दोघांनी लावलेली मोहर जशीच्या तशी, पैशाचा गोल साफ दिसत होता. बाराव्या दिवशी परतवाड्याचं भाडं आलं, तिकडून एका कुटुंबाले आणायचं होतं. बॅटरी भरून आणली, मोहर पाहून घेतली आणि निघालो. ऊन असं होतं की डांबर चाकाले चिकटत होतं. परतवाड्याले त्या लोकांनी सांगतलं, आज नाही, परवा या. मी गाडीतून उतरलो सुद्धा नाही. भाकरी सीटवर बसून खाल्ली. रिकामा गेलो, रिकामा आलो. रस्त्यात कोणी बसलं नाही, कोणी हात लावला नाही. टिनाखाली गाडी लावली आणि बॉनेट उचललं.

मोहर मोडली होती.

खोटं बोलत नाही सारजे, पहिला संशय मले तुझाच आला. मेलेल्या माणसाचा. नामदेव तेल्हाऱ्याले, टांगेवाला गावाले गेलेला, तू नाही. अख्ख्या जगात त्या गाडीजवळ मी एकटा होतो. मग उरलं कोण? मी बोट लावलं. बोट रुतलं. लाख ऊन होती, भाकरीच्या गोळ्यासारखी मऊ, आणि बोटाबरोबर लाखेची तार निघून आली. स्क्रूवरून खाली ओघळ आला होता आणि ओघळ पट्टीच्या फटीत शिरला होता.

मी पट्टी काढली. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत जिथं तांबं चमकायले पाहिजे, जिथं कोळशाचे दोन तुकडे तांब्याले घासून वीज घेतात, तिथं सारी लाख. लाल, काळी, थरावर थर. प्रत्येक उन्हाळ्याचा एक थर. भोकं मीच बुजवलेली, त्याले श्वास घ्यायले जागा नाही. नामदेवानं काही काढलं नव्हतं. मी घातलं होतं. थोडं थोडं करून, तुझ्या हातानं.

तुझ्या हातानं म्हणलो आणि तिथंच थांबलो. कारण तुले माहीत होतं. अंजनगावच्या अलीकडं तू ते सांगून चुकली होती. मग तू सहा वर्षं चिमणी काहून धरली? एकदा तरी लाख फेकून द्यायची होती नालीत. एकदा तरी म्हणायचं होतं, मी नाही धरत, तुमीच धरा. तू मले भेली होती का? का तुले वाटलं की म्हाताऱ्याचा गाडीवरचा संशय सुटला तं तो माणसांवर बसेल, त्यापरीस लाख बरी? का तू वाट पाहून राहिली होती की कधीतरी मलेच दिसेल? मी टिनाखाली बसून हेच विचारत राहिलो. यातलं कोणतं खरं, ते तू सांगून गेली नाही आणि मी विचारलं नाही. जवळ बसून विचारायले मले रोज वेळ होता.

रागावलो बी तुझ्यावर. मग राग गेला. मले चाळीस वर्षं कोणी सहन केलं नसतं, आणि तू तं केलंच, वरून हॉर्न वाजवून केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघड्या डायनॅमोनं गाडी काढली. पट्टी सुद्धा लावली नाही. परतवाडा, अंजनगाव, अकोट करत अकराच्या सुमाराले तेल्हाऱ्याच्या स्टँडवर पोचलो. नामदेव दुकानासमोर बॅटरीत पाणी घालत होता. त्यानं गाडी ओळखली, मान वर केली आणि पुन्हा पाणी घालत राहिला. मी उतरलो. स्टँडच्या मधोमध उभा राहिलो, जिथं मागं उभा होतो तिथंच, आणि जेवढ्या आवाजात मागं बोललो होतो तेवढ्याच आवाजात बोललो.

"नामदेव, सहा वर्षांमागं मी तुले इथं चोट्टा म्हणलो. तू हात लावला नव्हता. लाख इंजनाच्या गरमीनं वितयली होती. बाई तवाच म्हणत होती. मी ऐकलं नाही."

चहावाला तोच होता, तो किटली धरून उभा राहिला. बाकीचे ड्रायव्हर नवे. एकानं दुसऱ्याले विचारलं, कोण होय हे बुढा, काय म्हणून राहिला. दुसरा म्हणाला, मले काय मालूम. मले वाटलं होतं सारं स्टँड ऐकेल. ज्यांच्यासमोर चोर म्हणलो होतो त्यातला एकच माणूस तिथं उरला होता.

मग मी जवळ गेलो आणि हळू आवाजात दुसरं बी सांगतलं, की बुधवारचा निरोप मी गुरुवारवर टाकला.

नामदेव म्हणाला, "ते मले मालूम आहे."

त्यानं बॅटरीची बुचं एक एक करून लावली, हात पुसले, गाडीजवळ आला. बॉनेट उचललं. आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. नखानं लाख खरडून पाहिली. म्हणाला, साफ करून देतो, महिना दोन महिने चालंन, पण आतून जळला आहे. का बदलू? मी म्हणलो, तुले वाटते तसं कर. तो म्हणाला, "तसं नाही भाऊजी. तुमच्या तोंडानं सांगा."

"बदल," मी म्हणलो.

"जुना तुमच्या गाडीतच ठेवतो, मागच्या सीटखाली. माह्या इथं नाही पाहिजे."

मी मान हलवली. त्यावर बोलायचा हक्क मले नव्हता. त्यानं पाना घेतला आणि चहावाल्याच्या छपराकडं हात केला. म्हणाला, तुमी तिकडं सावलीत बसा, मले काम करू द्या.

मी जाऊन बाकावर बसलो, गाडीकडं पाठ करून. चहावाल्यानं न मागता कप समोर ठेवला. मागं पट्टा सुटल्याचा आवाज आला, मग एक नट, मग दुसरा. मी वळलो नाही. पण कान तिकडंच होते सारजे, कोणता नट कुठला ते मी मोजून राहिलो होतो.